जागा संपल्या, क्षमस्व

त्याला आता कुणी 'गर्दीवाला' म्हटलं की तो खाली बघतो. आधी असं नव्हतं. आधी चहाच्या टपरीवर कुणी मागून "ओ गर्दीवाले!" अशी हाळी दिली की तो छाती दोन बोटं पुढे काढून वळायचा. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. त्याने ते कमावलं होतं, आणि कमावलेल्या गोष्टीचा माज जरा जास्तच असतो.

बाप खुर्च्या भाड्याने द्यायचा. लोखंडी, घडीच्या, बोट सापडलं तर नख काळं करणाऱ्या. कार्यक्रम कुणाचाही असो, बाप हातगाडीवरून खुर्च्या न्यायचा, मांडायचा आणि मागच्या भिंतीला टेकून किती रिकाम्या राहिल्या ते बघत उभा राहायचा. "रिकामी खुर्ची वाईट दिसते रे," एवढंच म्हणायचा. पोराने ते मनावर घेतलं. मोठा झाल्यावर त्याने खुर्च्या वाहायचं सोडलं आणि त्या भरायचं काम धरलं. गाण्याची मैफल, दुकानाचं उद्घाटन, शाळेच्या जुन्या तुकडीचा मेळावा, कुत्र्यांचं प्रदर्शन, काहीही द्या. मंच, दिवे, माइक तर कुणीही लावतं. हा माणसं आणायचा, आणि तीही फोनवरून.

त्याच्या पेजवर चाळीस हजार माणसं होती. दुसरे कार्यक्रमवाले त्याच्याकडे शिकायला यायचे. महिन्यातून एकदा एका हॉटेलच्या वरच्या खोलीत तो वर्ग घ्यायचा, आणि तिथे त्याची जीभ अशी चालायची की ऐकत राहावं. "कार्यक्रमाआधी सात पोस्ट," तो सांगायचा. "पहिल्या पोस्टमध्ये नुसती तारीख. लोकांना खाजवू द्या डोकं. मग चेहरे दाखवा, कारण माणूस फ्लेक्सकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. मग तयारीचा व्हिडिओ, घाम दिसला पाहिजे. मग वस्तीतल्या चार ओळखीच्या तोंडांकडून वदवून घ्या, मी येतोय, तुम्ही?" असं करत करत तो सहाव्यापर्यंत यायचा, 'शेवटच्या वीस जागा'. मग थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा.

"आणि सातवी. 'जागा संपल्या, क्षमस्व.'"

"सर, पण तेव्हा संपलेल्या असतात का?" कुणीतरी विचारायचंच.

"अहो, तेव्हा अर्धा हॉल रिकामा असतो!" तो टेबलावर थाप मारायचा. "म्हणूनच टाकायची. दार उघडं ठेवलं की लोक म्हणतात जाऊ सावकाश. दार लावलं की ठोठावतात. फोन यायला लागतात, दादा, काहीतरी करा, दोनच जागा द्या. तुम्ही म्हणायचं, बघतो तुमच्यासाठी. हॉलही भरतो आणि वर उपकारही होतात."

खोलीभर हशा. वह्यांमध्ये टिपणं. त्यालाही त्या हशाची चटक लागली होती.

हे सगळं त्याचं बाहेरचं. घरचं म्हणजे आत्या. आई लवकर गेली, बाप हातगाडीवर, मग हा वाढला तो आत्याच्या शिवणवर्गात, कापडं कापायच्या मोठ्या टेबलाखाली. पालिकेच्या एका तळमजल्यावरच्या दोन खोल्या, चौदा पायमशीनं, त्यातली दोन कायम आजारी. आत्याने तिथे एकतीस वर्षं बायकांना शिवण शिकवलं. फी नाही. अट एकच, शिकताना मध्ये सोडायचं नाही. गर्दीवाल्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या खुर्च्यांची कव्हरं, मंचाची झालर, पाठीमागचा पडदा, सगळं तिथल्या बायकांनी शिवून दिलं होतं. तो फोनवर ऐटीत सांगायचा, "आमची टीम आहे."

त्या वर्गात एक रीत होती. एखादीने कपडा बिघडवला तर तो उसवायचा नाही. टेबलाखाली एक पत्र्याची पेटी होती, चुकांची पेटी. त्यात तो कपडा ठेवायचा आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून त्याला टाचायची. "कारण लिहायचं नाही, चूक लिहायची," आत्या बजावायची. "कारणं सगळ्यांकडे असतात." नवी बाई आली की आत्या आधी पेटी उघडून दाखवायची. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एकच बाही दोनदा कापली.' ती बाई पुढे बाजाराच्या कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीची टपरी घालून बसली, पण अख्खी वस्ती तिला अजून बाह्यावालीच म्हणते.

तर त्या वर्गाला नोटीस आली. जागेचा वापर होत नाही, सबब ती गोदामासाठी परत घ्यावी. आत्या कचेरीत जाऊन अशी भांडली की शेवटी तिथली साहेबीण म्हणाली, "बाई, कागदावर मला वापर दिसत नाही. मी स्वतः येते. पुढच्या शनिवारी चार ते सहा तुमच्या वर्गात बसते. इथे शिकलेल्या शंभर जणींनी माझ्यासमोर वहीत सही करायची. शंभर झाल्या तर वर्ग राहील. नव्व्याण्णव झाल्या तर नाही."

आत्याकडे एकतीस वर्षांच्या हजेरीच्या वह्या होत्या. अकराशेवर नावं, पत्त्यांसकट. तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

"दारोदार. दहा दिवस आहेत."

"आत्या, दारं वाजवायचे दिवस गेले गं. या गुडघ्यांनी दोन जिने चढशील आणि तिसऱ्या दारात पाणी मागत बसशील. मी कशाला आहे?"

"तुझं ते फोनवरचं?"

"त्या फोनवरच्याने चार हजार माणसं आणलीयत मी."

"मला शंभरच हव्यात," आत्या म्हणाली. पण चपला काढल्या. एवढी एकच गोष्ट तिने त्याच्या भरवशावर सोडली होती, आयुष्यात पहिल्यांदाच.

आत्याला वाटत होतं, त्या दिवशी चुकांची पेटी उघडून कपडे टेबलावर मांडावेत. "आपापली चूक शोधायला तरी येतील बायका." त्याने पेटी पायाने आत ढकलली. "असले कपडे कॅमेऱ्यात भिकार दिसतात." तिच्या जागी त्याने सोनेरी चौकट उभी केली, फोटो काढून घ्यायला.

काम मात्र त्याने जीव तोडून केलं, हे कबूल करायला हवं. चष्मा न लावता सुईत दोरा ओवणाऱ्या आत्याचा व्हिडिओ, वर 'शंभर सह्या, तरच वर्ग वाचेल', साठ हजार जणांनी पाहिला. खाली बायकांनी लिहिलं, 'बाई, अजून तशाच!' कुणी लिहिलं, 'माझ्या बोटात सुई गेली तेव्हा बाई म्हणाल्या, आता तू शिकलीस. आज माझं दुकान आहे.' तीनशे चाळीस जणींनी 'येणार' दाबलं. दोघी-तिघी दुसऱ्या गावाहून येणार होत्या. काम फत्ते झालं होतं. तिथेच हात थांबवायचा होता.

शुक्रवारी सकाळी त्याने सातवी टाकली. 'जागा संपल्या, क्षमस्व.' फार विचार करून टाकली असं नाही, हात सवयीने गेला. पण टाकल्यावर दोनदा वाचली, आणि आवडली.

एरवी सातवीनंतर फोनला उसंत नसायची. त्या दिवशी दोनच फोन आले, तेही खुर्च्यावाल्याचे. त्याने मनाशी अर्थ लावला, म्हणजे सगळ्या नक्की येणार. आत्याने विचारलं, "किती होतील रे?" तिच्याकडे साधा फोन. तो म्हणाला, "हाउसफुल्ल."

शनिवारी दीडशे खुर्च्या, पांढरी कव्हरं, पाठीला निळी गाठ. चारला साहेबीण आली, पेन काढलं, वही उघडली. सात जणी आल्या होत्या. साडेचारला अकरा. तो दाराशी जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत बघून येई आणि परत येऊन मागच्या खुर्च्यांची एक रांग घडी करून भिंतीला लावी. धंद्यातली युक्ती, खुर्च्या कमी केल्या की माणसं जास्त दिसतात. पण साहेबीण खुर्च्या मोजत नव्हती. पाचला एकोणीस. त्याने समोरच्या दुकानातल्या दोघींना ओढून आणलं.

"या इथे शिकल्या?" साहेबिणीने विचारलं.

"शिकणार आहेत," तो म्हणाला.

"मग शिकल्यावर सही करतील."

आत्या पहिल्या मशीनपाशी बसली होती. इस्त्री केलेले कपडे, केस चापूनचोपून. दाराकडे बघायचं तिने पाचनंतर सोडलं.

पावणेसहाला त्याचं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अशा माणसांसाठीच केलेली असते. त्याने माइक हातात घेतला. "ही वस्ती अशीच!" तो आलेल्या सव्वीस जणींच्या तोंडावर ओरडला. "फुकट शिकायला रांग लावायची, आणि एक सही करायला पाय मोडतात. ज्या आल्या नाहीत ना, त्यांना लाज वाटली पाहिजे, लाज!"

"माइक बंद कर," आत्या म्हणाली. मोठ्याने नाही, पण त्याने केला.

सहाच्या ठोक्याला साहेबिणीने वही मिटली. "सव्वीस. एक तारखेला किल्ली आणून द्या, बाई." तिलाही बरं वाटत नव्हतं, पण आकडा तो आकडा.

सगळे गेल्यावर आत्या कव्हरं काढून घड्या घालायला लागली. दहा-बारा झाल्यावर म्हणाली, "नको असेल त्यांना. मलाच उगाच वाटत होतं, एकतीस वर्षं." तो कडवटपणे म्हणाला, "सोड गं. लोक असेच." आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

मंगळवारी त्याच्या जाकिटाचा खिसा उसवला म्हणून तो बाजाराच्या कोपऱ्यावर बाह्यावालीकडे गेला. टपरी एवढीशी, एक मशीन, एक स्टूल, वर टांगलेल्या पँटा. मनातला राग गेला नव्हता. जाकीट पुढे टाकत तो म्हणाला, "काय ताई, शनिवारी डोळा लागला होता वाटतं?"

बाह्यावालीने खिसा उलटा केला, शिवण बघितली, मशीनच्या सुईत दोरा घातला. मग म्हणाली, "दादा, दार लावायचं तुम्हीच, आणि वर विचारायचं तुम्हीच?"

"कसलं दार?"

तिने गिऱ्हाइकांच्या पावत्यांखालून फोन काढला, अंगठ्याने वर-खाली केलं आणि त्याच्यासमोर धरला. जागा संपल्या, क्षमस्व. खाली त्याचाच फोटो, हात जोडलेला.

"तिघी निघणार होतो आम्ही," ती म्हणाली. "मी दुपारीच टपरी बंद करणार होते. कपडे इस्त्री करून ठेवलेले. शुक्रवारी हे आलं. मी म्हटलं, जाऊन तर बघू. तर आमची मैत्रीण म्हणाली, जागा नाही म्हटल्यावर कशाला जायचं तोंड घेऊन? बाईंची अडचण होईल."

"अहो, एक फोन करायचा होता! मी जागा केली असती."

बाह्यावालीने मशीन थांबवलं. "फोन? दादा, जे फोन करतात ना, त्यांना कधी कोणी खरं 'नाही' म्हटलेलंच नसतं. आम्हाला दवाखान्यात जागा नाही म्हणतात, शाळेत पोरांना नाही म्हणतात, भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक नाही म्हणतो. आम्ही वळतो आणि निघतो. ते शिकायला वर्ग लावावा लागत नाही." मग जराशी हसून म्हणाली, "पण आनंदच झाला हो आम्हाला. घरी चहा करून प्यायलो तिघी. जागा संपल्या म्हणजे शंभराच्या वर झाल्या. बाईंचा वर्ग वाचला. वाचला ना?"

तो जाकीट तसंच सोडून निघाला.

त्या दुपारी त्याने आणखी चौघींना गाठलं. चौघींचं तेच. एक म्हणाली, "तुम्ही क्षमस्व लिहिलेलं ना, किती मान दिलात आम्हाला." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैफलीला येणारी माणसं बंद दार ठोठावतात, कारण दार उघडतं ही त्यांना खात्री असते. एवढी साधी गोष्ट त्या टेबलाखाली वाढलेल्या माणसाला कळू नये? आणि माइकवर तो लाज लाज म्हणून ओरडला होता, तो शब्द आता त्याच्या कानात असा बसला होता की झटकला तरी जाईना.

आता चूक कळल्यावर माणसाने काय करावं? ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जावं. याने काय केलं? फोन काढला. रिकाम्या खुर्च्यांचा शनिवारचा एक फोटो होता, तो टाकला आणि लिहिलं, 'जागा होत्या. संपल्याचं खोटं मी लिहिलं. वर्ग माझ्यामुळे गेला.' मनापासून लिहिलं, यात ढोंग नव्हतं. पण तासाभरात खाली लोक काय लिहीत होते? 'काय डोकं आहे राव!' 'कॅम्पेन असावं तर असं.' 'पुढचं कधी टाकताय?' आणि त्याच्याच वर्गातल्या एका शिष्याने, हात जोडलेल्या चित्रासकट: 'सर, ही आठवी पोस्ट का?'

त्याने ती पोस्ट काढून टाकली. इतकी वर्षं लोकांना जे शिकवलं, ते लोक नीट शिकले होते.

बुधवारी सकाळी तो वर्गावर गेला. आत्या मशीनांना तेल देत होती. परत द्यायची तरी चालती परत द्यायची, असा तिचा हिशेब. तो दारातच उभा राहिला.

"आत ये. पाय पुसून."

"आत्या, बायका येणार होत्या."

"कुठल्या बायका?"

त्याने सांगितलं. सातवी पोस्ट म्हणजे काय, ती कशाला टाकतात, बाह्यावाली काय म्हणाली. मध्ये दोनदा अडखळला, एकदा "आमच्या धंद्यात सगळेच" असं म्हणायला गेला आणि गिळलं. आत्या तेलाची बुधली हातात धरून ऐकत होती. तो मुस्काटात बसायची वाट बघत होता. बसली असती तर बरं झालं असतं.

"परत सांग," आत्या म्हणाली. "येणार होत्या?"

"हो."

"किती?"

"तीनशे चाळीस म्हणाल्या होत्या. निम्म्या तरी आल्याच असत्या."

आत्या स्टुलावर बसली. आणि तिचा चेहरा असा उजळला, की त्याला तिच्याकडे बघवेना. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने तेलाच्या हाताने पुसलं, गालावर काळा ओघळ. "चार दिवस मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या रे," ती म्हणाली. "एकेकीचं नाव घेऊन. आणि त्या इस्त्री करून बसल्या होत्या!" मग हसू ओसरलं. "तुला कधी कळलं हे?"

"काल. दुपारी."

"काल दुपारपासून काय करत होतास?"

त्याने मशीनवरचा दोरा उगाच बोटाला गुंडाळला.

"सांग की."

"पेजवर टाकलं."

"म्हणजे चाळीस हजारांना काल सांगितलंस, आणि मला आज." आत्याचा आवाज चढला नाही. "मी एक रात्र आणखी तसंच समजत काढली."

त्याने सबब शोधली नाही, आणि एवढंच त्याने त्या आठवड्यात बरं केलं.

आत्या उठली. टेबलाखालून पत्र्याची पेटी ओढली. घडी घातलेलं एक खुर्चीचं कव्हर त्याच्यासमोर टाकलं, वर कागदाचा तुकडा आणि खडूच्या डब्यातली पेन्सिल. "लिही."

त्याने लिहिलं, 'कार्यक्रमाची प्रसिद्धी करताना नेहमीच्या पद्धतीप्रमाणे...' आत्याने वाचून कागद फाडला. दुसरा दिला. त्यात 'वेळ कमी होता' असं आलं. तोही फाडला. "कारण नको. इतकी वर्षं या टेबलाखाली बसून काय ऐकलंस?"

तिसऱ्या कागदावर लिहायला त्याला बराच वेळ लागला. पाच शब्दच होते. 'जागा होती. मी नाही म्हणालो.'

आत्याने ती चिठ्ठी कव्हराला टाचली, कव्हर पेटीत सगळ्यात वर ठेवलं आणि चपला घातल्या. "आधी कचेरीत. साहेबिणीला तू सांगायचं, मी नुसती उभी राहीन. मग दारं. पेटी तू उचल."

साहेबिणीने सगळं ऐकून घेतलं. "अहवाल सोमवारी जाणार आहे," ती म्हणाली. "तोवर मी पुन्हा यायचं की नाही, ते वरिष्ठांना विचारून कळवते. आशा लावून बसू नका." ना हो, ना नाही. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "चल. अकराशे दारं आहेत."

पहिलं दार म्हणजे टपरीच. पेटी जड, पत्र्याची कड बोटांत रुतत होती, आणि बाजारातून जाताना कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "ओ गर्दीवाले, आज सामान कुणाचं?" तो खाली मान घालून चालत राहिला. बाह्यावालीने बाईंना बघून स्टूल पुढे केलं. आत्या बसली नाही. "याला काही सांगायचंय," म्हणाली.

त्याने पेटी उघडली. वरचं कव्हर काढून पुढे केलं. बाह्यावालीने चिठ्ठी वाचली. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग पेटीत हात घालून तळापर्यंत चाचपलं आणि आपला तो शर्ट बाहेर काढला, दोन्ही बाह्या डाव्या, चिठ्ठी पिवळी पडलेली. दोन्ही चिठ्ठ्या तिने शेजारी शेजारी धरल्या.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या बाह्या बऱ्या होत्या की हो याच्यापेक्षा."

आत्या खळखळून हसली. तो हसला नाही. बाह्यावालीने टपरीचं फळकूट खाली ओढलं, गिऱ्हाइकाला "संध्याकाळी या" म्हणून वाटेला लावलं आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी त्याने धरली.